कासारखिंडीची वर्दी

मालन चौगुलेनं गाईच्या कानातला पिवळा बिल्ला टेबलाच्या काचेवर ठेवला आणि ती दोन पावलं मागं सरकली. बिल्ल्याला अजून दोन-चार पांढरे केस चिकटलेले होते.

"ह्यो तुमचा बिल्ला," ती म्हणाली. "गाय गेली. संघाची वस्तू संघाला परत दिली."

दूध संघाचे जनरल मॅनेजर देशिंगकर साहेब बिल्ल्याकडं बघत राहिले. मार्च महिना होता, सकाळचे दहा वाजले होते आणि केबिनमध्ये आम्ही पाच माणसं होतो. साहेब, मालन, तिच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव सिदूअण्णा पाटील, संघाच्या जनावरांच्या डॉक्टर शिवलीला हिरेमठ, आणि मी, अरविंद मगदूम, संघाचा कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे मी एकटाच, पण दारावर पाटी होती.

"काय झालं ते नीट सांगा," साहेब म्हणाले.

"इतवारी सांजंला गाय व्याली. सोमवारी फाटंचं बगतो तर बसल्याली. मान पोटाकडं टाकल्याली, कान गार. अण्णास्नी उठवलं. त्येंनी लगोलग मोबाईलवरनं डॉक्टरला वर्दी लावली. मग वाट बघत बसलो. दुपारी एकला गाय गेली."

सिदूअण्णांनी मांडीवरची टोपी सरळ केली. कासारखिंडीच्या संस्थेचं सचिवपद ते एकोणतीस वर्षं सांभाळत होते आणि या केबिनमध्ये पहिल्यांदाच आले होते. "सहा वाजून धा मिनटांनी वर्दी भरली, साहेब. हिरवी खूण आली. आमच्याकडनं कसूर न्हाई."

"मॅडम?"

"मला मेसेज आला नाही, सर," हिरेमठ मॅडम म्हणाल्या. "हा दूधज्वर होता. शिरेतून कॅल्शियमची एक बाटली दिली असती तर गाय उठून उभी राहिली असती. मी घरीच होते. पाऊण तासात पोचले असते."

मालननं मान वर केली. एका बाटलीचं काम होतं, हे तिला तिथं पहिल्यांदाच कळत होतं.

साहेब माझ्याकडं वळले. "मगदूम, तुमचं मशीन काय म्हणतंय?"

मी तयारीनिशी गेलो होतो. छापील कागद पुढं केला. "सोमवार, सहा वाजून दहा मिनिटं, कासारखिंड. शेरा यशस्वी."

"म्हणजे मेसेज गेला."

"यशस्वी म्हणजे यशस्वी, साहेब."

साहेबांनी कागद बिल्ल्याशेजारी ठेवला. "मॅडम, तुमचा करार एकतीस मार्चला संपतो. चार वर्षं झाली. या खेपेला वाढला की तुम्ही कायम व्हाल, हे तुम्हांलाही माहीत आहे आणि मलाही. मगदूम, परवापर्यंत लेखी अहवाल द्या. दोघांतलं खोटं कोण बोलतंय तेवढं मला कळू दे. आणि हा बिल्ला फाईलला लावा."

वर्दीचं हे यंत्र माझंच. त्याआधी डॉक्टरांना बोलावणं हा ओळखीपाळखीचा कारभार होता. ज्याचा आवाज मोठा त्याची म्हैस आधी. ते बंद करायचं साहेबांच्या मनात होतं, मी ते करून दाखवलं. प्रोग्रॅमिंग मला येत नाही. पण हल्ली चौकोनाला चौकोन जोडत गेलं की अ‍ॅप तयार होतं, ते मी इंटरनेटवर बघून शिकलो. सचिवानं मोबाईलवर फॉर्म भरायचा: गाव, मालकाचं नाव, बिल्ला नंबर, आजाराचा तपशील. 'नोंदवा' दाबलं की एकेका रकान्यातला मजकूर सुटा होऊन या चौकोनांच्या साखळीत जातो. साखळी गाव वाचते, त्या गावचा डॉक्टर शोधते, त्याला मेसेज धाडते आणि माझ्या यादीत शेरा मारते. मध्ये माणूस नाही. माणूस नाही म्हणजे लबाडी नाही, असं मी संघाच्या अध्यक्षांना सांगितलं होतं आणि ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी भाषणात वापरलं. अ‍ॅपवरनं वर्दी आली तरच डॉक्टरनं निघायचं, कुणी परस्पर फोन करायचा नाही, डॉक्टरांचे नंबर गावात वाटायचे नाहीत, हे नियमही माझ्याच सूचनेवरून झाले.

दसऱ्याला उद्घाटन झालं. अध्यक्षांनी नारळ फोडला, मोबाईलला हळदकुंकू लावलं आणि पहिली वर्दी स्वतःच्या बोटानं भरली. तपशिलाच्या रकान्यात, आपल्याकडं नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं, नुसतं 'श्री' लिहिलं. साखळी इतकी चोख, की मंडपात मागं बसलेल्या हिरेमठ मॅडम मेसेज वाचून उठल्या आणि गाडीला किक मारून थेट अध्यक्षांच्या गोठ्याकडं निघाल्या. माणसं पोट धरून हसली. त्यांना फाटकातून परत बोलवायला मीच पळालो होतो.

या कामावर येण्याआधी आठ वर्षं मी दूध तपासणीला होतो. माणूस किटली खाली कशी ठेवतो त्यावरून तिच्यात पाणी किती हे मी सांगायचो आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर यायचं. दहाव्या माणसाचं पुढं काय झालं, याची चौकशी मी कधी केली नाही. संशय घेणं ही माझी नोकरीच होती आणि पाटी बदलली तरी खोड गेली नव्हती.

तेव्हा मी विचार करायला बसलो. कासारखिंडीची ही पाच महिन्यांतली तिसरी तक्रार. आधीच्या दोन वेळा गावच्या माहीतगारानं जनावर वाचवलं होतं, म्हणून कुणी फार बोललं नव्हतं. हिरेमठ मॅडमकडं तेवीस गावं होती. बावीस गावं डांबरी रस्त्याला. कासारखिंड तेवढं खिंडीपलीकडं, एकोणीस किलोमीटर, शेवटचा चढ गाडी ढकलत चढायचा. तक्रार बावीस गावांतून एकही नाही. आणखी एक गोष्ट आठवली. जानेवारीत मॅडमनी जाता जाता मला विचारलं होतं, "सर, कासारखिंडीची वर्दी कशी काय येत नाही?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आता वाटलं, बाईनं पुढच्या पिकाची पेरणी तेव्हाच करून ठेवली होती.

दुपारी औषधांच्या खोलीत गेलो. मॅडम सुयांचे खोके लावत होत्या.

"मॅडम, फोन बघू."

त्यांनी लॉक उघडून फोन सरळ माझ्या हातात दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, त्यामुळं माझा संशय आणखी बळावला. ज्याला लपवायचंय तो आधीच झाडलोट करून ठेवतो. मी मेसेज वर सरकवत गेलो. बावीस गावांच्या वर्द्या ओळीनं होत्या. कासारखिंडीची एकही नव्हती.

"एकही नाही?"

"तेच सांगतेय, सर. दसऱ्यापासून एकही नाही. ऐंशी-नव्वद जनावरांचं गाव आहे. जनावरं इतकी धडधाकट असतात होय?"

"पुसलेला मेसेज परत दिसत नाही, मॅडम."

त्यांचा हात खोक्यावर थांबला. "मी पुसले असं वाटतं तुम्हांला?"

"मला काही वाटत नाही. मी यादी बघतो."

"तर मग सुरुवात बघा," त्या म्हणाल्या. "माझा फोन हा शेवट झाला. तो तुम्ही बघितलात. एकदा गावात जाऊन अण्णा वर्दी कशी भरतात ते बघा. तेवढं करा आणि मग काय लिहायचं ते लिहा. माझं चार वर्षांचं काम आहे, सर."

मला ते बोलणं पाठ करून आल्यासारखं वाटलं. सिदूअण्णांसारख्या भाबड्या माणसावर बाई बिल फाडतेय म्हणून रागही आला.

यादीतल्या प्रत्येक 'यशस्वी'वर बोट ठेवलं की आत उघडतं. मजकूर कुठल्या चौकोनातून कुठं गेला ते एक-एक पायरी दिसतं. मी ते उघडलं नाही. स्वतः बांधलेल्या घराचा पाया कोण उकरून बघतो. मुदत परवाची होती, पण पाचच्या आत अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. 'यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. वर्दी यशस्वीरीत्या पोचलेली आहे. संबंधितांनी संदेश पुसल्याची शक्यता नाकारता येत नाही.' शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते फार जमून आलेलं वाटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना पत्र गेलं. करार वाढणार नाही, महिनाअखेरपर्यंत रजेवर राहावं.

तिसऱ्या दिवशी, मालनच्या आणि अण्णांच्या जबाबावर सह्या पाहिजेत म्हणून साहेबांनी मला जीपनं कासारखिंडीला पाठवलं.

संस्थेची खोली दहा बाय दहाची, शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. अण्णांनी पाणी दिलं, चहा सांगितला. मालन आली, सही करून गेली. अण्णा चष्मा लावून जबाब अक्षर न् अक्षर वाचत होते, तेवढ्यात ती पळत परत आली. तिचा पदर खांद्यावरून सुटला होता.

"अण्णा, म्हस फुगलीया. हिरवा मका खाल्लाय. ढोलावानी पोट झालंय. आता ही बी गेली तर माज्याकडं काय ऱ्हायलं?"

अण्णा उठले. कोपऱ्यातल्या तांब्यानं हात धुतले, पंच्याला पुसले, कापडी पिशवीतला मोबाईल काढून कपाळाला लावला आणि फॉर्म उघडला. मी शेजारी उभा होतो. मॅडमचं बोलणं मला आठवलंही नव्हतं. मी आपला जागा नव्हती म्हणून तिथं उभा होतो. गाव, नाव, बिल्ला. मग तपशिलाचा रकाना आला. अण्णांनी एका बोटानं, सावकाश, पहिल्या ओळीत 'श्री' लिहिलं. मग खालच्या ओळीत लिहिलं, म्हशीचं पोट फुगलं आहे, तातडीनं यावे. नोंदवा. हिरवी खूण आली.

"लागली वर्दी," ते मालनला म्हणाले. "येत्यात आता."

"अण्णा," मी म्हणालो, "ते वर श्री कशाला लिहिलंत?"

"मग? श्री लिवल्याबिगर म्या आजवर कागदाला पेन लावला न्हाई. आन साहेब, तुम्हीच शिकीवलं की. अध्यक्षांनी पैल्यांदा त्येच लिवलं. शिबिरात तुम्ही म्हणला, श्रीनं सुरवात करून भरत चला. म्हटलं, कॉम्पुटरची माणसं असून रीत पाळत्यात. लई बरं वाटलं."

उद्घाटनानंतर सचिवांना फॉर्म शिकवायला घेतलेल्या शिबिरात मी काय म्हणालो होतो ते मला नीट आठवत होतं. सराव करताना श्रीनं सुरुवात करा, असं म्हणालो होतो. दसऱ्याच्या त्या हसण्यानंतर मी साखळीत एक चौकोन घातला होता: तपशील 'श्री'नं सुरू झाला तर ती सरावाची नोंद समजावी, डॉक्टरला मेसेज धाडू नये, सरावाच्या यादीत टाकून काम संपवावं. काम संपलं की शेरा 'यशस्वी'. सराव आठवड्यात आटोपला. चौकोन काढायचा मी विसरलो. बाकीच्या बावीस गावचे सचिव पोरसवदा होते, ते घाईघाईत नुसतं 'म्हैस आजारी' खरडून मोकळे व्हायचे. देवाचं नाव घेऊन काम करणारा एकच माणूस माझ्या यंत्राला भेटला होता आणि त्याची प्रत्येक वर्दी ते गिळत होतं.

बाहेर मालन म्हशीच्या दाव्याला धरून खिंडीच्या रस्त्याकडं बघत होती. त्या रस्त्यानं कुणीही येणार नव्हतं आणि हे त्या गावात एकट्या मला माहीत होतं.

अण्णांकडं डॉक्टरचा नंबर नव्हता. नियम माझाच. मी फोन लावला.

"मी रजेवर आहे, सर," हिरेमठ मॅडम म्हणाल्या.

"कासारखिंडीत आहे मी. म्हैस फुगलीय. मालनची."

"पुढचे पाय चढाला घेऊन उभी करा. बसू देऊ नका. मी निघाले."

चाळीस मिनिटं मी आणि अण्णा त्या म्हशीला बसू देत नव्हतो. मॅडम आल्या त्या घामेजून, शेवटच्या चढावर गाडी टाकून पायी. त्यांनी तोंडातून नळी घातली, नळीतून वारा सुटला, पोट हळूहळू उतरलं. मग औषध पाजलं. तासाभरानं म्हैस रवंथ करायला लागली. मालन तिच्या मानेवर डोकं टेकून रडली. गाईसाठी ती आमच्यासमोर रडली नव्हती.

मॅडमनी हात धुतले. मग फोन काढला, लॉक उघडलं आणि परवासारखाच माझ्यापुढं धरला.

"अण्णा, वर्दी कधी भरली?"

"अकराला पाच कमी हुती."

"आता एक वाजायला आला. बघा, सर, मेसेज आलाय का. आज तर पुसायलाही वेळ नव्हता मला."

मी बघितलं. नव्हता.

"काय आहे हे?"

"रेंज नसेल," मी म्हणालो.

"रेंज फुल्ल हाय की," अण्णा म्हणाले. "टावर हितंच झालाय न्हवं का, देवळामागं."

मॅडमनी अण्णांचा मोबाईल मागून घेतला. भरलेला फॉर्म वाचला. वरच्या ओळीवर त्या थांबल्या. दसऱ्याला अध्यक्षांच्या गोठ्याकडं निघालेल्या त्याच होत्या. त्यानंतर तसा मेसेज परत कधी आला नव्हता, हेही त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी मोबाईल अण्णांना दिला आणि माझ्याकडं बघितलं.

"सुरुवात बघितलीत ना, सर?"

"बघितली."

"अहवाल बदलून द्याल?"

"देतो," मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो होतो, एवढं तरी माझं ऐका.

तीनला ऑफिसात पोचलो. जिन्यात साहेब भेटले. "मगदूम, सह्या झाल्या? बरं झालं. तुमचा अहवाल अध्यक्षांना दाखवला. खूश आहेत. शेजारच्या तालुक्यात हेच यंत्र बसवायचंय, तुम्हांला तिकडं वरच्या जागेवर न्यायचं म्हणतात." माझ्या खांद्यावर हात ठेवून ते खाली गेले.

मी कॉम्प्युटर सुरू केला. तो चौकोन काढायला एक मिनिटही लागलं नाही. मग सरावाची यादी उघडली. सगळ्यांत जुनी अध्यक्षांची, मग शिबिराच्या पंचवीस-तीस, आणि त्यानंतर पाच महिन्यांत अकरा, सगळ्या कासारखिंडीच्या. तक्रार तिघांनीच केली होती. बाकीच्यांनी डॉक्टर येत नाही हे मुकाट्यानं धरून चाललं होतं. दहावी नोंद मालनच्या गाईची होती. वर श्री, आणि खाली, 'गाय उठत नाही. मान टाकली आहे. डॉक्टरांनी लवकर येण्याची कृपा करावी.'

ही यादी छापून साहेबांकडं न्यायची, एवढंच करायचं होतं. मी प्रिंटर चालूही केला. मग माझ्या मनात आलं की सरावाच्या नोंदी आवरून टाकायच्या राहिल्याच होत्या, त्या आधी आवराव्यात. असं खरंच मनात आलं, जणू टेबलावरची धूळ पुसायचीय. मी सगळ्या नोंदी निवडल्या. स्क्रीननं विचारलं, कायमच्या पुसायच्या, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं.

अहवालाला एक ओळ जोडली. 'कासारखिंड येथील मोबाईल रेंजची अडचण दूर करण्यात आली आहे.'

नोंदी कुणीतरी पुसतंय, हा माझा संशय शेवटी खरा झाला.

एकतीस तारखेला मॅडम औषधांच्या खोलीची किल्ली द्यायला आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. मी जून महिन्यात वरच्या जागेवर गेलो. अण्णांना मी निरोप धाडला होता की आता फॉर्मवर काहीही लिहिलं तरी चालतं. त्यांना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे.

गेल्या वर्षी जनावरांच्या बाजारात हिरेमठ मॅडम भेटल्या. मीच आधी ओळखलं, पण वळून जायला जागा नव्हती. सीमेजवळच्या एका गावात त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे. केस पांढरे झालेत. कुणाच्या तरी खोंडाचे दात बघत होत्या.

"अण्णा गेले, कळलं का?" त्या म्हणाल्या. "आजारी असताना बघायला गेले होते. त्यांनी मला त्यांची वही दिली. फॉर्म भरला की ते वहीतही लिहून ठेवायचे. त्या मार्चपर्यंतच्या अकरा वर्द्या आहेत." जनावराला काय होतंय हे विचारावं त्या आवाजात त्यांनी पुढं विचारलं, "तुमच्याकडं किती होत्या, सर?"

"आता आठवत नाही, मॅडम," मी म्हणालो. "आठ वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली आणि त्या पुढच्या जनावराकडं गेल्या.

मालनच्या गाईचा बिल्ला मी फाईलला लावला नव्हता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावरचा बारा आकडी नंबर मला न बघता म्हणता येतो.